ताईंची बिनसाखरेची कॉफी

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यांवरून कवळ्या करून देतो. पेशंट आम्हाला दिसत नाही, आम्ही पेशंटला दिसत नाही. टेबलावर फक्त प्लॅस्टरचे जबडे मांडलेले असतात. माझं काम सगळ्यात शेवटचं, घासून-पुसून चकाकी आणायचं. माझ्या डाव्या हाताला ताई बसायच्या. मेणात एकेक दात बसवायचं काम त्यांचं.

सगळी लॅब त्यांना ताईच म्हणायची. मालक त्यांच्याहून वयानं मोठे, पण तेही ताईच म्हणायचे. उंच बाई, खांदे जरा पुढे आलेले, बोटांना कायम मेणाचा वास. बोलणं कमी. पण बोलल्या की आपण हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही. लग्न ठरलेल्या एका नव्या मुलीनं त्यांना विचारलं होतं, "ताई, लग्न कसं असतं हो?" हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "माप चुकलं तर टोचतं." मग थोड्या वेळानं, "माप बरोबर असलं तरी पहिले काही महिने टोचतंच."

हे जे सांगतेय त्यातलं बरंचसं त्यांनीच मला काम करता करता सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. शेवटचं काही माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ताईंचा नवरा दिव्यांच्या शोरूममध्ये सेल्समन होता. बोलायला इतका गोड, की साधा बल्ब घ्यायला आलेला माणूस झुंबर घेऊन घरी जायचा आणि आपलं छत बुटकं आहे हे त्याला घरी गेल्यावर आठवायचं. "मी त्या बोलण्यालाच भुलले," असं ताई स्वतःच सांगायच्या. घरात तीन माणसं, तो, त्या आणि त्याची आई. घर आईच्या नावावर. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. त्यात दोन बायका उभ्या राहिल्या की तिसऱ्या माणसानं दारातूनच बोलायचं.

नवऱ्याला नाद लागायचे. व्यायामाची सायकल झाली, गिटार झाली, माशांची टाकी झाली. प्रत्येक गोष्ट वाजतगाजत घरात यायची आणि थोड्या दिवसांत माळ्यावर जायची. मासे माळ्यावर ठेवता येत नाहीत म्हणून ते ताईंच्या गळ्यात पडले. मग एका संध्याकाळी तो कॉफीचं भांडं घेऊन आला. मोका पॉट. ॲल्युमिनियमचं, अंगाला कडा असलेलं, कमरेत बारीक.

"आता हॉटेलात जायला नको," त्यानं जाहीर केलं. "एस्प्रेसो. आपल्या घरच्या गॅसवर."

सासूबाईंनी भांडं उलटंपालटं करून पाहिलं. "याची शिट्टी कुठेय?"

"आई, हा कुकर नाहीये."

"मग झालं ते कळणार कसं?"

"कळतं."

त्याला काही कळलं नाही. खालच्या भागात त्यानं काठोकाठ पाणी भरलं, जाळीत पूड घालून ती चमच्यानं दाबदाबून बसवली, आणि गॅस होता नव्हता तेवढा मोठा केला. बराच वेळ काहीच होईना. म्हणून त्यानं झाकण उघडून आत डोकावलं आणि नेमकं तेव्हाच भांडं गुरगुरलं. काळे शिंतोडे टाइल्सवर, त्याच्या शर्टावर, अगदी छतापर्यंत उडाले. कपात जे उरलं ते पिऊन त्यानं तोंड वाकडं केलं आणि पूडच भिकार आहे म्हणाला. आणखी एकदा करून पाहिली. नंतर त्याला दुसरं काहीतरी सुचलं. सासूबाई मात्र पुढे कित्येक दिवस छताकडे बघून नुसतं "एस्प्रेसो!" एवढंच म्हणायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

ताईंनी ते भांडं माळ्यावर जाऊ दिलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी ते खोललं. खाली पाण्याचा भाग, मध्ये पूड घालायची नरसाळ्यासारखी जाळी, वर कॉफी जमा व्हायचा भाग, आणि दोन्हींच्या मध्ये एक रबरी रिंग. बास, एवढंच. खालच्या भागाला बाहेरून एक छोटा पितळी व्हॉल्व्ह होता. पाणी त्याच्याखालीच राहायला हवं, हे बघितल्यावर कळतं, ताई म्हणायच्या, पण बघायला लागतं. पूड भरायची, बोटानं वरून सपाट करायची, दाबायची नाही. दाबली की पाण्याला वाट मिळत नाही. आणि आच इतकी बारीक, की गॅस चालू आहे का हे वाकून बघावं लागेल. मग वरच्या नळीतून कॉफी उडत नाही, ओघळते. गडद, दाट. तिचा रंग फिका पडायला लागला आणि फसफस सुरू झाली, की भांडं ताबडतोब उतरवायचं. तिथे अर्धं मिनिट लोभ केला तर सगळी कॉफी करपट.

कितीतरी सुट्ट्या त्यांनी यात घालवल्या. मग रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर त्या स्वतःपुरती कॉफी करायला लागल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "नको, मला त्याची चव जमत नाही." सासूबाई नाक मुरडून खिडकी उघडायच्या.

मग नवरा गेला. गेला म्हणजे घर सोडून गेला. शोरूममध्ये घरांच्या सजावटीचा सल्ला द्यायला एक मुलगी लागली होती, तिच्याबरोबर. हे त्यानं जेवायच्या टेबलावर सांगितलं, झुंबर विकताना बोलावं तशा आवाजात. यात कुणाचीच चूक नाही, आपण सगळे समजूतदार आहोत, वगैरे. ताई म्हणाल्या, "भात वाढू का अजून?" तो म्हणाला, "थोडा." पोटभर जेवून, बॅग भरून तो गेला. सायकल, गिटार, मासे, काही नेलं नाही.

सासूबाईंनी आधी रडून घेतलं आणि मग दोष कुणाचा ते ठरवलं. जिन्यात शेजारणीला त्या सांगत होत्या, वर ताईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "दिवसभर लोकांच्या दातांत घुसून बसते. घरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते हिला कधी दिसणार?"

"तेव्हाच का नाही निघालात?" असं मी एकदा विचारलं.

"जाणार कुठे?" ताई म्हणाल्या. "आईवडील नव्हते. भावाकडे त्याचीच माणसं कशीबशी मावायची. मग पहिल्या महिन्यात कोणी मला जा म्हटलं नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांना चक्कर आली. तिसऱ्यात दवाखाना. असं करत राहिलेच."

कोर्टाचे कागद आले, ताईंनी सह्या केल्या. त्या दिवसापासून कागदोपत्री ताई त्या घरातल्या कोणीही नव्हत्या. तरी दूध त्याच आणायच्या, औषधं त्याच द्यायच्या, घराची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असायची. सासूबाईंना त्या पूर्वीसारखंच आई म्हणायच्या. दुसरं काय म्हणणार?

चक्कर साखरेची होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं. सासूबाईंचा जीव चहात, आणि तोही असा, की चमचा उभा राहील एवढी साखर हवी. बिनसाखरेचा चहा त्यांनी तोंडात घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. "हे पिण्यापेक्षा मेलेलं बरं." चहा सुटला आणि चहाबरोबर त्यांची दुपारच सुटली. नुसत्या बसून राहायच्या, ताईंची वाट बघत आणि त्या आल्या की भांडत.

एका संध्याकाळी ताई गॅससमोर उभ्या होत्या. सासूबाई दारात येऊन थांबल्या.

"बघू तुझं ते औषध."

ताईंनी छोट्या कपात थोडी ओतून दिली. सासूबाईंनी एक घोट घेतला, डोळे गच्च मिटले, मग दुसरा घेतला.

"किती गं कडू."

"असतेच."

"पण यात साखर नाहीये ते कळत नाही," त्या म्हणाल्या आणि कप पुढे केला. "अजून घाल."

तिथून ते सुरू झालं. सासूबाई हट्टी होत्या, पण हात चांगला होता त्यांचा. महिन्याभरात त्या ताईंपेक्षा चांगली कॉफी करायला लागल्या. दिवसभर घरात असायच्या, आचेकडे बघायला वेळ होता. ताई जिना चढून येईपर्यंत भांडं गॅसवर चढलेलं असायचं. चपलांच्या आवाजावरून त्या ओळखायच्या म्हणे. स्वयंपाकघरात खुर्ची मावत नव्हती, म्हणून एक स्टूल आणलं. सासूबाई स्टुलावर, ताई ओट्याला टेकून.

भांडणं थांबली असं नाही. उलट आता भांडायला एक विषय मिळाला. सासूबाईंनी एकदा ते भांडं तारेच्या घासणीनं आणि साबणानं आतून लख्ख घासलं. ताईंनी कॉफी तोंडात घेतली तर नुसती ॲल्युमिनियमची चव.

"आई, याला साबण लावायचा नसतो. नुसतं पाण्यानं धुवायचं."

"मी माझ्या घरात घाण भांडं ठेवणार नाही."

"ती घाण नाही, कॉफीचा थर आहे."

"थर म्हणजेच घाण!"

आठवडाभर दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. कॉफी मात्र रोज व्हायची. ताई आधी एक-दोन भांडी नुसतीच काढून ओतून द्यायच्या, आतली चव बसेपर्यंत, आणि सासूबाई ओतलेली कॉफी बघून हळहळायच्या. नंतर त्यांनी साबण कधी लावला नाही. चुकले असंही कधी म्हणाल्या नाहीत.

पुढे त्यांचे दात गेले. थोडे आधीच गेले होते, उरलेले डॉक्टरांनी काढले. कवळी अर्थातच आमच्याकडे आली आणि ताईंनी ती दुसऱ्या कोणाला हात लावू दिली नाही. सासूबाईंचा तरुणपणचा एक फोटो आणून त्यांनी टेबलाला चिकटवला होता. फोटोत समोरच्या दोन दातांमध्ये फट होती.

"फट ठेवू का?" त्यांनी घरी विचारलं.

"वेडी आहेस का? आयुष्यभर त्या फटीची लाज वाटली मला. सरळ कर. सिनेमातल्या बाईसारखे."

ताईंनी सरळ केले, पण अगदी सरळ नाही. एक दात किंचित वळवला, एकाची कड जरा झिजवली, म्हणजे बघणाऱ्याला खरे वाटावेत. मी घासताना बघितलं, आमच्या लॅबमधून त्याहून चांगली कवळी गेलेली मला आठवत नाही. सासूबाई जिन्यात उभ्या राहून शेजारणींना दात दाखवायच्या. "माझ्या सुनेनं केलेत." ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

फक्त कॉफीच्या बाबतीत पंचाईत झाली. कवळीनं टाळू झाकली जाते, मग गरम किती आहे ते तोंडाला कळत नाही. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी कढत घोट घेतला आणि घसा भाजून घेतला. त्यानंतर ताई त्यांचा कप आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायच्या आणि मग द्यायच्या. रोज.

अशी बरीच वर्षं गेली. ताईंनी कधी म्हटलं नाही, पण मला वाटतं त्यांनी मनात धरलं होतं की हे आता असंच शेवटपर्यंत चालणार.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर गॅसवर भांडं नव्हतं. धुऊन, पालथं घालून ठेवलं होतं. उचलायला गेल्या तर त्याची काळी मूठ वितळून एका बाजूला लोंबत होती. प्लॅस्टिकची मूठ ती, बारीक आचेवर तिला काही होत नाही. ज्वाला भांड्याच्या बाहेर आली तरच ती वितळते. सासूबाई झोपेतसुद्धा एवढा गॅस मोठा करणार नाहीत हे ताईंना ठाऊक होतं.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार?" सासूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या.

"आई, कोण आलं होतं?"

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सासूबाईंचा मुलगा गेले कित्येक महिने येत होता. ताई कामावर असताना. आईजवळ बसायचा, तिचे हात हातात घ्यायचा, फळं आणायचा. हे ताईंना खालच्या शेजारणीनं सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू ताईंना ते ठाऊकच असेल. पुढचं सासूबाईंनीच सांगितलं, पण त्याला काही दिवस गेले. सुट्टीची सकाळ होती. ताई खिडकीच्या काचा पुसत होत्या.

"त्याला मूल होणार आहे," सासूबाई म्हणाल्या.

ताई पुसत राहिल्या.

"भाड्याची जागा आहे त्यांची. मालक खाली करायला सांगतोय. आता अशा दिवसांत तिला घेऊन तो कुठे फिरणार?"

"बरं."

"बरं काय? माझं रक्त आहे ते. मला नातवंडाचं तोंड बघायचंय. इथे येऊ दे म्हणाला. मी नाही कसं म्हणू?"

"आणि मी?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तुझं काय, तू कमावती आहेस. तुला कुठेही जागा मिळेल. मी काय तुला परकी मानते का? मुलीसारखीच आहेस तू मला."

"मुलगी म्हणू नका," ताई म्हणाल्या. "बाकी काय म्हणायचं ते म्हणा."

त्या भांडल्या नाहीत. कशाच्या जोरावर भांडणार? घर त्यांचं नव्हतं, माणूस त्यांचा नव्हता, नातं होतं ते त्यांनीच सही करून मोडलं होतं. जागा शोधायला त्यांना काही आठवडे लागले आणि तेवढे दिवस दोघी त्याच स्वयंपाकघरात वावरल्या. सासूबाई कॉफी करायच्या, ताई घ्यायच्या. निघायच्या दिवशी कपडे आणि मेणकामाची स्वतःची हत्यारं एवढंच त्यांनी बांधलं. सासूबाईंनी ते भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातलं.

"घेऊन जा. आम्हाला काय करायचंय."

"त्या 'आम्हाला' शब्दाचं वाईट वाटलं मला," ताई मला म्हणाल्या. "कालपर्यंत 'आम्ही' म्हणजे त्या आणि मी होतो. एका रात्रीत त्यातून मला वगळलं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही."

नवी जागा लॅबच्या मागच्या गल्लीत होती, सोफे शिवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. दिवसभर खालून खिळे ठोकल्याचा आवाज. घरमालकानं गॅसला मनाई केलेली, म्हणून विजेची शेगडी. त्या शेगडीवर कॉफी नीट होईना. आधी तापायलाच वेळ लावायची, आणि एकदा तापली की बंद केली तरी तापलेलीच राहायची. पहिली कितीतरी भांडी करपली. ताईंनी मूठ बदलून आणली, रिंग बदलून आणली, शेगडीवर लोखंडी तवा ठेवून त्यावर भांडं ठेवून बघितलं. तरी शेवटचा करपटपणा पूर्ण गेला नाही. मला एकदा त्यांनी वर नेऊन कॉफी पाजली. मला आवडली. त्या म्हणाल्या, "ही काही खरी नाही."

दुपारी डबा खाताना आमच्यात बसायच्या, पण आता विनोद करत नव्हत्या. कामात चूक कधीच नाही. आम्ही कुणी विषय काढत नव्हतो.

दोनेक वर्षांनी एका सकाळी लॅबच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, म्हणून सगळे बघायला लागले. चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. फोटो इतके दिवस टेबलाला चिकटवलेला बघितल्यामुळे मी ओळखलं, पण ओळखायला कष्ट पडले. बाई अर्धी झाली होती.

"दात हलतायत गं," त्या दारातूनच म्हणाल्या. तोंडात कवळी टकटक वाजत होती. "डॉक्टरकडे जायला कुणाला वेळ नाही. म्हटलं तुझ्याकडेच यावं."

ताई उठल्या, हात धुतले, त्यांना खुर्चीवर बसवलं. कवळी काढून घेतली, हिरड्यांवरून बोट फिरवलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडात फिरवावं तसं.

"वजन किती उतरलंय तुमचं. हिरड्या बसल्या आहेत. आतून नवा थर द्यावा लागेल. दुपार होईल." मग कवळी पुसत, "जेवता ना नीट?"

दातांशिवाय सासूबाईंचे शब्द सांडत होते, तरी त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. बाळ झोपलं की भांड्यांचा आवाज चालत नाही, म्हणून दुपारचं जेवण गार. त्यांची खोली बाळाला दिली, त्या आता बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात, आणि पाहुणे असले की पाहुणे जाईपर्यंत जाग्याच बसतात. तो बोलतो गोड, पण ऐकत नाही. कॉफीची बटणाची मशीन आणलीय. "मला हात लावू देत नाहीत. बिघडेल म्हणतात. मी बिघडवीन!"

कवळीचा थर बसेपर्यंत त्यांना लॅबमध्ये कुठे बसवणार? ताई मला म्हणाल्या, "तूही चल." एकटीनं त्यांच्याबरोबर जायची त्यांची तयारी नसावी. आम्ही तिघी त्या खोलीवर गेलो.

ताईंनी पाणी भरलं, पूड भरली, भांडं आवळलं. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून त्यांचे हात बघत होत्या. खालून ठोकाठोकी चालली होती. कॉफी वर आली, ताईंनी ती कपात ओतली आणि कप सरळ त्यांच्या हातात दिला. आज टाळूवर कवळी नव्हती, गरम किती ते त्यांचं त्यांना कळणार होतं.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, कपाट, शेगडी, खिडकी.

"छान आहे जागा," त्या म्हणाल्या. "मी इथे राहिले तर?"

ताईंनी शेगडीचं बटण बंद केलं.

"एक कोपरा पुरेल मला. त्याला मी सांगेन. तो नाही म्हणणार नाही, सुटल्यासारखंच होईल त्याला. मी खाली झोपेन. तू कामावरून येशील तोवर मी—"

"जागा नाही, आई."

"मला कितीशी जागा लागणार?"

"नाही," ताई म्हणाल्या.

खोलीत मी होते म्हणून की काय, सासूबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. बराच वेळ लावला. मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "थोडी करपलीय."

"शेगडी विजेची आहे," ताई म्हणाल्या.

दुपारी कवळी तयार झाली. ताईंनी ती बसवली, चावून बघायला लावली, एका ठिकाणी घासली, पुन्हा बसवली. आरसा दिला. सासूबाईंनी आरशात दात न बघता केस नीट केले आणि निघाल्या. जिन्यावरून त्यांना मी हात धरून उतरवलं आणि रिक्षात बसवून दिलं. ताई टेबलावरून उठल्या नाहीत.

मी परत येऊन बसले तर त्या मेण तापवत होत्या.

"हो म्हटलं असतं तर उद्याच सामान घेऊन तो सोडायला आला असता त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि तू किती मोठ्या मनाची आहेस, असं मला म्हणाला असता."

"हो ना," मी म्हणाले. "बरं केलंत."

"पण मी काही त्याच्यासाठी नाही म्हटलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला नको होत्या त्या. म्हणून नाही म्हटलं. उगाच माझ्या बाजूनं काही शोधू नकोस."

पुढच्या वर्षी मुलानं सासूबाईंना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आमच्याकडे साचे पाठवणारे एक डॉक्टर तिथे जायचे, त्यांच्याकडून कळलं. ताईंनी ऐकून घेतलं. काही दिवस गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी भांडं, पूड आणि शेगडी पिशवीत घालून त्या बस बदलत बदलत तिथे पोचल्या. तिथल्या बाईनं शेगडी लावू दिली नाही, तसा नियमच होता. पिशवी दारातच ठेवून त्या आत गेल्या.

सासूबाई व्हरांड्यात आणखी दोघीतिघींबरोबर बसल्या होत्या. बऱ्या दिसत होत्या. ताईंना बघून त्यांनी मान हलवली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हो या? तुमची मुलगी का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "ओळखीच्या आहेत."

जन्मात कधी त्यांनी ताईंना अहोजाहो केलं नव्हतं. त्या दिवशी जितका वेळ ताई बसल्या तितका वेळ त्या अहो करूनच बोलत राहिल्या. तुम्ही आलात, बरं वाटलं. तुमचं काम कसं चाललंय. उशीर नका करू, बस मिळायची नाही. त्या खरंच विसरल्या होत्या, का हे मुद्दाम करत होत्या, ते ताईंना तिथे कळलं नाही, आणि नंतरही कधी ठरवता आलं नाही. माझं विचाराल तर मुद्दाम. पण मी हे त्यांना कधी म्हटलं नाही.

त्यानंतर ताई गेल्या नाहीत. सासूबाई वारल्याचंही आम्हाला डॉक्टरांकडूनच कळलं, महिना उलटून गेल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या साच्याबद्दल फोन आला तेव्हा बोलता बोलता. फोन मीच घेतला होता. मी ताईंना सांगितलं. त्यांनी हातातला दात मेणात टेकवला, डोळे बारीक करून बघितला, काढला, परत लावला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात तारीख-वार जुळवला.

"त्या दिवशी मी कामावर होते," त्या म्हणाल्या, आणि पुढचा दात उचलला.